धुराड्यातला बूट

लेटिस टॉली त्या गुरुवारी वूस्टरच्या म्युझियममध्ये शिरली ती काही इतिहासाच्या ओढीनं नव्हे. बस चुकली होती, पुढचीला अवकाश होता, आणि सत्तरी ओलांडलेल्या बायकांना शहरातल्या कुठल्या इमारतीतलं स्वच्छतागृह फुकट आणि नीटनेटकं आहे याची जी खडान्‌खडा माहिती असते ती तिलाही होती. काम उरकून ती बाहेर पडत होती. बोळात काचेचं एक कपाट होतं. एरवी तिनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं, पण हातमोजे चढवायला ती नेमकी तिथे थांबली आणि काचेच्या आतून तिचा स्वतःचा बूट तिच्याकडे बघत होता. डाव्या पायाचा. तपकिरी, पट्ट्याचा, सात वर्षांच्या पोरीच्या मापाचा, काजळीनं काळवंडलेला, टाचेला आतल्या बाजूनं झिजलेला. एका बाजूला चारशे वर्षांपूर्वी वाळलेलं मांजर दात विचकून पडलेलं, दुसऱ्या बाजूला टाचण्यांनी भरलेली बाटली, आणि मधे हा. लेटीचा घोटा तेव्हा काडीसारखा होता, म्हणून स्वयंपाकीणबाई मिसेस प्रोसरनी विणायची सुई चुलीत लाल करून पट्ट्याला एक जादा भोक पाडलं होतं आणि ते पाडताना त्यांना शिंक आली होती, त्यामुळे भोक कडेला सरकलं होतं. ते भोक तिथेच होतं. खाली सुबक अक्षरांत पाटी: ‘लहान मुलीचा बूट, विसाव्या शतकाचा मध्य. घराला बाधा होऊ नये म्हणून धुराड्यात बूट चिणण्याच्या जुन्या चालीचं उशिराचं उदाहरण. पेनॉक कोर्टचे ऑब्री टॉली यांच्या सौजन्यानं.’ तिच्या डाव्या पायाची बोटं एकदम गार पडली. ऑब्री तिचा थोरला भाऊ.

“मांजर सगळ्यांना आवडतं,” मागून पहारेकरी म्हणाला. बिचारा कंटाळलेला होता.

“हा बूट माझा आहे,” लेटी म्हणाली.

“हो ना, अगदी तसंच वाटतं, नाही? माझ्या बहिणीचेही असेच होते.”

यावर तिनं काय करावं? ती म्हणाली, “छान मांडलंय,” आणि वर आभार मानले. मग बसमध्ये चढताना ड्रायव्हरचे मानले. तिच्या पायावर छत्री टेकवून बसलेल्या बाईची तिनं माफी मागितली. आणि बस नदीवरच्या पुलावर आली तेव्हा पोटाच्या तळातून काहीतरी वर यायला लागलं, तो तिला आधी दुपारच्या जेवणातला मासा वाटला. तो मासा नव्हता. तो राग होता, आणि त्याची सवय नसल्यामुळे तिला तो ओळखू यायला दोन थांबे लागले.

पेनॉक कोर्ट हे काही फार मोठं घर नव्हे. काळ्या तुळया, पांढऱ्या भिंती, एका अंगाला कललेलं छप्पर. मिठाच्या व्यापारात गबर झालेल्या एका टॉलीनं ते बांधलं आणि तेव्हापासून टॉली मंडळी त्यात जन्मतात, भांडत नाहीत, आणि मरतात. पण त्या घराची एक रीत होती. माणूस कितीही जगो, काहीही करो, त्याच्यामागे घर त्याची एकच गोष्ट ठेवून घ्यायचं. बाकीचं सगळं पुरलं जायचं. जाइल्स टॉलीचं घ्या. राजाची फौज वूस्टरला हरली तेव्हा तो जिन्याखालच्या कोनाड्यात लपला आणि इतका बेमालूम लपला की घरचेही त्याला विसरले. शिपाई गेले, राजा परदेशी पळाला, गहू कापून झाला, बायकोनं काळे कपडे शिवायला टाकले, आणि सुगीच्या हंसाचा खमंग वास आला तेव्हा हा बाहेर येऊन विचारतो, कोण जिंकलं? डोरोथिया टॉलीचं घ्या. खिडक्यांवरचा कर वाढला तेव्हा नवऱ्यानं तिची खिडकी विटांनी बुजवली, तर ही रोज दुपारी त्या विटांसमोर खुर्ची टाकून बसायची आणि रस्त्यावरून कोण चाललंय ते सांगायची, आणि एकदाही चुकली नाही. पुढे कर उठला, विटा काढल्या, तेव्हा तिनं खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ केली. काय तो कचरा बघायचा, म्हणे. कॅप्टन अँब्रोजचा पोपट पोर्तुगीज भाषेत प्रार्थना म्हणायचा आणि त्यानं गावचे तीन पाद्री पोचवले. चौथा आला तेव्हा त्यालाही पोपटानं आपादमस्तक न्याहाळलं, आणि चौथ्यानं बदली मागून घेतली. नाताळच्या जेवणाला, डोक्यावर कागदी टोप्या चढवून, या गोष्टी ठरलेल्या क्रमानं सांगितल्या जायच्या. जाइल्स, डोरोथिया, पोपट. आणि ब्रँडी ओतून पुडिंग पेटवून झालं की शेवटची, सगळ्यांची लाडकी: लेटी, जिनं बूट हरवला.

एकच बूट! पायातला! लेटी पेनॉक कोर्टच्या बागेत गेली दोन बुटांनी आणि आली एका बुटानं. खरं तर ती झोपली होती दोन बूट पलंगाखाली ठेवून आणि उठली तेव्हा एक होता, हे तिनं त्या ऑक्टोबरच्या सकाळी रडत रडत सांगितलं होतं. पण बूट काही रात्रीतून चालत जात नाहीत, असं आई म्हणाली, आणि ते कुणालाही पटण्यासारखं होतं. हळूहळू लेटीलाही पटलं. आईनं बदकांचं तळं माळ्याकडून उपसून घेतलं. आंब्याची अढी उलटावी तसे सफरचंदांचे ढीग उलटले. आणि बूट सापडेना तेव्हा म्हणाली, की नवा मिळणार नाही. सापडेपर्यंत ह्या पायात उरलेला आणि त्या पायात ऑब्रीचा जुना रबरी गमबूट. सगळ्या हिवाळाभर. चर्चमध्ये, शाळेत, घोड्यांच्या डॉक्टरच्या मुलीच्या वाढदिवसाला. टक, थप. टक, थप. चर्चच्या फरशीवरून बाकाकडे जाताना सगळं गाव माना खाली घालून ऐकायचं. गमबुटात पाणी शिरायचं, मोजा भिजायचा, डाव्या पायाच्या बोटांना थंडी चावायची आणि ती लाल होऊन खाजायची. मिसेस प्रोसर चुलीपाशी तिचा पाय मांडीवर घेऊन कांदा चोळायच्या आणि म्हणायच्या, “आठव पोरी, नीट आठव, कुठे काढलास?” आणि ती डोळे मिटून आठवायची. इतकं आठवायची की तिला बूट दिसायचा, कधी तळ्यात, कधी कोंबड्यांच्या खुराड्यामागे. एकदा तर तिनं कबूलच केलं की आपण तो विहिरीत टाकला. झोप लागावी म्हणून कबूल केलं. तेव्हा आईनं विचारलं, का? आणि त्या वेळी, अगदी त्याच वेळी, पाच पावलांवर तिचे वडील वर्तमानपत्र वाचत बसले होते. मेजर टॉली. ते वर्तमानपत्र आता, सत्तरीपल्याड, बसच्या खिडकीशी बसून तिला लख्ख दिसलं. पान उलटलं जात नव्हतं.

मग ती गोष्ट झाली. वडिलांनीच केली, पहिल्या नाताळला, आणि सगळे हसले, आईसुद्धा, आणि लेटीला वाटलं होतं की सुटले. गोष्ट झाली म्हणजे शिक्षा संपली. कसली संपते? चुलत बहिणीच्या बारशाला बाळ हातोहात फिरलं आणि लेटीला ओलांडून पुढे गेलं. “लेटीकडे नको हं, कोचाखाली सापडेल.” हशा. डेस्मंड नावाच्या एका भल्या माणसानं तिला मागणी घातली, जेवायला आला, गोष्ट ऐकली, डोळ्यांत पाणी येईतो हसला, आणि परत जाताना गाडीत म्हणाला, की आजीची अंगठी आहे, तू ती बँकेतच ठेवलीस तर? लेटीच लग्नापर्यंत पोचली नाही. दिवसा तिला काही वाटायचं नाही, पण रात्री, मूल झालं आणि आपण ते कुठे ठेवलं हे विसरलो तर, या भीतीनं ती घामाघूम व्हायची. किल्ली पर्समध्ये आहे का ते ती तीनदा बघायची, मग पर्स आहे का ते बघायची. नशीब किती खट्याळ असावं, नगरपालिकेत नोकरी लागली ती हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत. निवृत्त होईपर्यंत तिथे काढली. छत्र्या, कवळ्या, एकदा जिवंत कासव, एकदा बिशपची काठी. तिच्या ताब्यातून कधी टाचणी गेली नाही. ते कुणी नाताळला सांगितलं नाही. आणि वडील वारले तेव्हा घर ऑब्रीला गेलं. त्यात नवल नव्हतं. पण मृत्युपत्रात तेवढं एक वाक्य वडिलांनी मौजेनं घातलं होतं, की लेटीला घराचा अर्धा हिस्सा द्यायचा विचार होता, पण जिला बूट सांभाळवत नाही तिला घर काय देणार. वकील वाचता वाचता हसला. तीही हसली. काळ्या हॅटखाली ती हसली, देवा.

आणि ऑब्रीनं स्वयंपाकघरातलं धुराडं फोडून घेतलं त्याला दोन हिवाळे झाले होते. म्हणजे त्यानंतरच्या दोन्ही नाताळांना, टोपी कपाळावर सरकवून, ब्रँडीचा घोट घेऊन, त्यानं तिची गोष्ट सांगितली होती.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पेनॉक कोर्ट पाहुण्यांसाठी उघडं असायचं. तिकिटात चहा, केक आणि ऑब्रीच्या तोंडून घराचा इतिहास. लेटी केक कापायला यायची. त्या रविवारीही आली, डबा घेऊन, वेळेवर. सकाळपासून तिनं ओठांत वाक्यं जुळवली होती आणि फाटकातून आत शिरताना ती सगळी विरघळली. स्वयंपाकघरात नवं धुराडं पांढरंफेक होतं. ऑब्री किटलीपाशी उभा होता, कोपरावर ठिगळाचा कोट, हातात चहाचा डबा. एकोणऐंशीचा झाला होता, तरी केस झकास.

“मी गुरुवारी म्युझियममध्ये गेले होते,” ती सुरी घेत म्हणाली.

“तू? कशाला?”

“लघवीला.”

“अगं, केक कापताना काय हे.”

“मांजराशेजारी माझा बूट आहे, ऑब्री.”

त्यानं चहा मोजून भांड्यात टाकला. पाणी ओतलं. चहा गरम राहावा म्हणून भांड्यावर लोकरीची टोपी घातली. “साखर घेतेस ना अजून?”

“चाळीस वर्षं नाही घेत.”

“खरंच? मग दरवेळी मी देतो ती कोण पितं?”

“मीच पिते. धुराडं फोडलं तेव्हा कळलं ना तुला?”

ऑब्रीला एक गोष्ट कधी जमली नाही, सरळ खोटं बोलणं. गोष्टी सांगायचा त्या वेगळ्या. तो किटलीकडे बघत म्हणाला, “तेव्हा कळलं असं नाही. तेव्हा फक्त परत दिसला.”

सुरी केकमध्ये अर्धी गेली होती, ती तिथेच राहिली.

“मी होतो गं तिथे. गवंडी बफ्टन शिडीवर, बाबा खाली, आणि दिवा मी धरला होता. अकरा वर्षांचा होतो. मला इतका अभिमान वाटला होता, दिवा माझ्या हातात दिला म्हणून.” तो आता जरा खुलला, सांगायला गोष्ट मिळाल्यासारखा. “धुराडं नव्यानं बांधत होते. बफ्टन म्हणाला, साहेब, वापरलेला बूट हवा, पोराचा, पायाचा आकार बसलेला. नाहीतर मी वरची वीट लावणार नाही, माझ्या बापानंही लावली नसती. बाबांचा काही विश्वास नव्हता. पण गवंडी नाराज करून कसं चालेल? बफ्टन म्हणायचा, धुराड्यातून जे काय उतरतं ना, त्याला पोराचा वास लागतो. ते बुटात शिरतं, त्याला वाटतं पोर सापडलं, आणि मग त्याला उलटं फिरता येत नाही. बसतं तिथेच.”

“आणि तुझे बूट कुठे होते तेव्हा?”

“माझ्या पायात.”

“म्हणजे जवळच होते.”

“बाबा म्हणाले, मुलाचा नको. न जाणो.” ‘पाऊस थांबेल असं वाटत नाही’ म्हणावं तशा सुरात तो हे म्हणाला. “घराला वारस एकच होता, लेटी.”

तिला एक पोर दिसली, ती स्वतः नव्हे, दुसरीच कुणी, पलंगात झोपलेली, तोंड उघडं टाकून, आणि कुणीतरी मोजे घातलेल्या पायांनी आत येऊन खाली वाकतंय, दोनातला एक निवडतंय. वास असलेला. तिच्या वासाचं आमिष गळाला लावून वर टांगलं, जे काही काळोखातून उतरायचं ते तिच्यावर उतरावं म्हणून, आणि सकाळी तिलाच विचारलं, कुठे टाकलास. “आई तळं उपसून घेत होती,” ती म्हणाली. “तू काठावर उभा होतास. मला आठवतं. तू सफरचंद खात होतास.”

“सांगायचं नसतं. सांगितलं की गुण जातो. बाबांनी शपथ घातली होती. मला फार वाईट वाटायचं, खरंच. मी तुला माझा गमबूट दिला होता की नाही?”

“आईनं दिला.”

“माझाच ना पण? आणि बघ, आजूबाजूची किती घरं गेली. ब्लेकवेंचं जळलं, त्या दुसऱ्यांचं खचलं. हे उभं आहे. कधी कधी वाटतं,” आणि इथे त्यानं तिच्याकडे मायेनं पाहिलं, वाढदिवसाची भेट पुढे करावी तसं, “कदाचित तुझ्यामुळेच.”

तिनं सुरी बाहेर काढली आणि पुसली. मग दुसऱ्यांदा पुसली. “मग काढलास तो परत का नाही ठेवलास? आणि म्युझियमला का दिलास?”

“म्युझियमच्या त्या बाई आल्या होत्या. इतकं गोड बोलल्या. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.”

“आणि मला सांगणं?”

“आता काय सांगायचं, लेटी? तुझी गोष्ट लोकांना केवढी आवडते. तू बूट हरवलाच नाहीस म्हटल्यावर, तुझ्याबद्दल सांगायचं तरी काय?”

बाहेर घंटा वाजली. ऑब्रीनं कोट झटकला, केसांवरून हात फिरवला आणि दार उघडायला गेला.

जेवणघरात दहाबारा माणसं बसली, ओले रेनकोट खुर्च्यांच्या पाठीवर टाकून. जाइल्स कोनाड्यातून बाहेर आला, लोक हसले. डोरोथियानं खुर्ची फिरवली, लोक हसले. पोपटाला तर टाळी पडली. लेटी केकच्या बशा फिरवत होती आणि तिच्या कानात ते हसणं काचेपलीकडून यावं तसं येत होतं. तिच्या मनात आलं की हे सगळे असेच आमिष असतील. त्या कोनाड्यात जाइल्सनं काय सोसलं कुणास ठाऊक, अंधारात, बाहेर आपल्याच बायकोचं बोलणं ऐकत. तो हंसाच्या वासानं बाहेर आला नसेल. तो ओरडत असेल आणि कुणी उघडलं नसेल. डोरोथियाच्या तोंडावर विटा रचल्या आणि ती गमतीदार ठरली. या घरानं माणसं चिणली आणि वर हशाचा गिलावा केला.

“आणि आता आमचं सर्वांत मोलाचं रत्न,” ऑब्री म्हणाला, “जे अजून चालतं-बोलतं आहे. ही आमची लेटी. सात वर्षांची होती तेव्हा एका सकाळी ही बागेत गेली दोन बुटांनी...”

इथे तिनं आधी एक पाय उचलून दाखवायचा, मग दुसरा, की आज दोन्ही आहेत. लोक हमखास हसत. ही युक्ती कुणी शिकवलेली नव्हती, तिची तिनंच काढली होती, कधी काळी, हसणं लवकर उरकावं म्हणून. लोक तिच्या पायांकडे बघू लागले. तिनं बशी टेबलावर ठेवली.

“मी बूट हरवला नाही,” ती म्हणाली. “माझ्या वडिलांनी चोरला.”

लोक हसले. छान हसले. हिरव्या रेनकोटातली एक बाई नवऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाली, “हे मागच्या वेळी नव्हतं.” ऑब्रीही हसला, सगळ्यांत मोठ्यानं, आणि म्हणाला, “वा, लेटी, वा.”

“त्यांनी तो धुराड्यात चिणला. तुम्ही तो वूस्टरच्या म्युझियममध्ये काचेच्या कपाटात बघू शकता. भूत खाली उतरलं तर त्यानं मला खावं, याला खाऊ नये, म्हणून.”

आणखी हसले. कुणीतरी टेबल थोपटलं. घराची गोष्ट म्हटली की काहीही चालतं, आणि लेटी तर घराचीच. तिला दिसलं की अशानं ही गोष्ट जाइल्सशेजारी जाऊन बसेल, पोपटाशेजारी, पुढच्या रविवारी ऑब्री ती तिच्याहून चांगली सांगेल. तेव्हा ती थांबली नाही. आवाज न चढवता, केकची चव सांगावी तशी, ती पुढे सांगत गेली. गमबुटात पाणी कसं शिरायचं. बोटांची कातडी फुटून मोज्याला चिकटायची आणि मोजा ओढला की सोबत यायची. टक, थप, आणि माना खाली घातलेलं गाव. विहिरीत टाकला अशी खोटी कबुली आणि आईचा प्रश्न. वर्तमानपत्राचं न उलटणारं पान. बाळ, जे तिला ओलांडून पुढे गेलं. अंगठी. हसता हसता माणसं एकेक करून गळू लागली. पहिल्यांदा हिरव्या रेनकोटातली बाई, मग तिचा नवरा, त्याच्या तोंडात घास होता आणि तो गिळावा की नाही हे त्याला समजेना. एकानं कप बशीत ठेवला, इतका हलकेच की आवाजही झाला नाही. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सगळे टेबलाच्या लाकडाकडे बघत होते, आणि एक बाई मात्र थेट ऑब्रीकडे बघत होती.

“लेटी,” ऑब्री उभ्या उभ्या म्हणाला. कानांपर्यंत लाल झाला होता. “पुरे आता. लोकांना बस गाठायची आहे.”

“खाली बस, ऑब्री,” ती म्हणाली. “तुझ्यापर्यंत मी अजून आलेच नाही.”